पेरूला निघालेल्या नागमणीस

हसू देत त्यांना.
मी निघालो तेव्हाही साखर पेठेत हेच :
‘मल्लेशम पेरूला चाललाय,
येताना दोन किलो आण बे, मीठ-तिखट आम्ही लावतो.’

बस इथं, बिड्डा. पंखा लावू?
पासपोर्टाच्या झेरॉक्स काढ, तीन.
एक बॅगेत, एक अंगावर, एक आईकडे.
देवाच्या फोटोमागे नको,
उदबत्तीनं जळते. माझी जळली होती.

पिवळ्या तापाची सुई निघायच्या दहा दिवस आधी.
ते पिवळं कार्ड जप,
परतताना आपलेच लोक दारात अडवून मागतात.

शेंगाचटणी ने, पण फॉर्मवर लपवू नकोस.
साहेबानं डबा उघडलाच तर उघडू दे.
शेंग मुळात तिकडचीच, त्या डोंगरांपलीकडची,
मिरचीही.
आपण आपलं उगाच म्हणतो, सोलापूरची.

लिमात सॅक पाठीला नाही, पोटाला.
गड्ड्याच्या गर्दीत तान्हं पोर धरतात तशी.
फोन रस्त्यात काढायचा नाही.
पत्ता बघायचाय? दुकानात शिर,
साबणाचा भाव विचार, मग बघ.
अंगावर काही सांडलं
आणि कुणी लगबगीनं पुसायला धावला,
तर थांबू नकोस. डाग घेऊन चालत राहा.
रस्त्यावरची टॅक्सी नको.
नळाचं पाणी दातांनाही नको.
नोट उजेडात धरून बघ,
तेही तुझी बघतील, राग मानू नकोस.

कुस्कोला पोचलीस की पहिला दिवस नुसती लोळ.
आपण चढून चढून काय चढलो,
तर भुईकोटाचा बुरूज.
तिथं दुसऱ्या जिन्यावरच छाती
जुन्या पॉवरलूमसारखी खडखडते.
कोकाच्या पानांचा चहा देतील, पी.
पानं मात्र पिशवीत घालून आणू नकोस.
इकडे त्याला तुरुंग आहे.

जूनमध्ये तिकडे थंडी. चादर ने.
हसतेस काय?

मी जॅकार्ड बसवायला गेलो होतो, सात महिने.
पगाराचा दिवस. दोन पोरं,
तुझ्या धाकट्या भावाएवढी.
एकाच्या हातात चाकू,
आणि हात त्याचाच जास्त कापत होता.
दिलं सगळं.
हे नीट ऐक : द्यायचं. वाद नाही, धावणं नाही.
पाकीट दिलं, लग्नातलं घड्याळ दिलं,
खांद्यावरची चादर तेवढी त्यांना नको होती.

फुटपाथवर बसलो, तर बटाटे विकणारी एक बाई आली.
बोलणं ना तिचं मला, ना माझं तिला.
तिनं चादरीचा कोपरा बोटात धरला,
उलटा केला, परत सुलटा केला,
दोन्हीकडे तीच नक्षी, रंग तेवढे अदलाबदल.
मग स्वतःच्या शालीचा कोपरा दाखवला मला.
आणि बसभाडं दिलं.
नाव विचारायचं राहिलं.

घरी सांगितलं, घड्याळ हरवलं.
तुझी काकू म्हणाली, वेंधळेच तुम्ही.
आयुष्यभर म्हणाली, पाहुण्यांसमोरसुद्धा.
मी हसायचो.
आता ती गेली, आणि तिच्या लेखी
ते घड्याळ अजून कुठंतरी पडलेलंच आहे.

तर तुला काही झालं,
आधी बँकेला फोन, मग पोलिसात कागद,
आणि त्याच दिवशी आईला खरं सांग.
रडेल. रडू दे.

चंद्र तिकडे उलटा दिसतो,
पहिल्यांदा दचकायला होतं, बाकी काही नाही.
साडेदहा तासांचा फरक आहे.
मला झोप तशीही येत नाही,
कधीही लाव फोन.

हे पाचशे घे.
तिकडे चालत नाहीत, ठाऊक आहे मला.
झेरॉक्सला होतील.