कारणाचा रकाना

फॉर्मवर एकच रकाना कोरा होता : कारण.
शाहूपुरीतल्या डॉक्टर मॅडमनी पेन पुढं केलं.

मेहुणा इलाहीबक्ष कात्रण खिशात घेऊनच आलेला.
"आरोग्य लिहा दाजी. सायन्सनंच मान्य केलंय आता."
मॅडम म्हणाल्या, थोडे फायदे आहेत, बरेच वाद आहेत,
एका शब्दात मावायचं नाही ते.

मी शिकलगार. धार लावणं आमचा पिढीजात धंदा.
माझ्या सुंतेचा वस्तरा गंगावेशीत
बापानं स्वतः पाजवला होता.
हज्जाम म्हणाला, ती बघ सोन्याची चिमणी,
आणि मी आढ्याकडं बघितलं.
थोरल्याची जखम मात्र पंधरा दिवस पिकली.
राखेला तेव्हा पुरावा
कुणी मागितला नाही. आईनंही नाही.

इलाही, हेच कात्रण उद्या उलटं छापून आलं
तर परत शिवून देणार काय तू?

मी लिहिलं : रिवाज.
आणि खाली, जागा नव्हती तरी, बारीक अक्षरात :
भूल नीट द्या.

मॅडमनी वाचलं. हसल्या नाहीत.
मुदस्सर हिरव्या गाऊनमध्ये,
मान वर करून पंख्याभोवती शोधत होता,
"अब्बा, इथली चिमणी कुठं बसती?"