सोड म्हटल्यावर

लडलोच्या अलीकडे सहा मैलांवर एक चर्च आहे,
मनोऱ्यात सहा घंटा.
दर मंगळवारी साडेसातला
छत्तीस दगडी पायऱ्या चढून मी तिथं जाते.
देवाशी माझं फारसं बोलणं नाही,
तिथल्या बऱ्याच जणांचं नाही.
आयव्हर गॉफ तर रविवारी घंटा वाजवून झाल्या
की प्रार्थनेआधीच मागच्या दारानं सटकतो,
कुत्र्याला फिरवायला.
हा छंद आहे. कुणी टपाल तिकिटं जमवतं, तसा.

आपल्याकडे घंटेला एक टोला द्यायचा
आणि पुढं सरकायचं, मागे रांग असते.
इथं अख्खी घंटा फिरते, गरकन, पूर्ण वर्तुळ,
तोंड आभाळाकडे करून क्षणभर थांबते,
आणि साडेचारशे किलो कासं
तुमच्या हातातल्या दोराच्या भरवशावर असतं.

विनिफ्रेड प्रॉसर, वय एक्याऐंशी,
पूर्वी गावभर टपाल वाटायची,
पहिल्याच दिवशी म्हणाली, ओढू नकोस.
मी हसले.
एकवीस वर्षं शाळेत लंबक शिकवते मी,
आवर्तकाल, जडत्व, फळ्यावर बाण काढून.
ती म्हणाली, कोपर खाली. वर बघू नकोस.
मी वर बघितलं.
कोपराचं शास्त्र मीच तिला समजावलं.
ती शांतपणे बिस्किट खात होती.

तिसऱ्या आठवड्यात म्हटलं, आता दोन्ही हात माझे,
तू बाजूला हो.
ती झाली बाजूला.

वर काहीतरी कडाडलं.
घंटेला अडवणारा ॲशचा दांडका मोडला
आणि दोर छताच्या भोकातून सरसर वर निघाला.
सोड! विनिफ्रेड ओरडली. आयव्हर ओरडला.
अशा वेळी एवढंच करायचं असतं,
मला सांगितलं होतं. दोनदा.
मी धरून ठेवला.
का, ते अजून सांगता येत नाही.
पाय चटईवरून उठले,
हातभर मी वर गेले,
आणि मग दोरानंच मला सोडलं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात.
माझा सुंभ धडधाकट होता,
जळले ते तळवे.

सांगितलं होतं ना, असं कुणी म्हणालं नाही.
विनिफ्रेडनं खाली नेऊन
माझे हात गार नळाखाली धरले.
आयव्हर म्हणाला, ॲशच्या झाडांना रोग पडलाय,
चांगलं लाकूड मिळत नाही हल्ली.
तेवढंच. आणि तेच टोचलं.

त्या रात्री पट्ट्या बांधलेल्या हातांनी मोजत बसले.
कराडला आत्तेभाऊ ओरडत होता, क्लच हळू सोड,
आणि मी स्कूटरसकट पेरूवाल्याच्या हातगाडीत.
उकड अजून मळ म्हणणारी शेजारीण,
आणि फुटलेले एकवीसच्या एकवीस मोदक.
आणखी एक आहे, ते इथं लिहीत नाही.

आईचं पालुपद होतं, ही ऐकत नाही.
मी म्हणायचे, ऐकलं की सगळं!
आपल्या भाषेनं एकाच शब्दाला
दोन कामं लावलीत,
कान देणं आणि मान तुकवणं.
मी पहिल्यावरच भागवत आले.

पुढच्या मंगळवारी गेले.
नवा दांडका बसवलेला होता.
म्हटलं, विनिफ्रेड, मी हट्टी आहे.
ती म्हणाली, हो. कोपर खाली.

मी ओढलं नाही, नुसता हात दिला.
वर अंधारात ती फिरली, उलटी झाली, थांबली.
हा क्षण फळ्यावर मी शेकडो वेळा काढलाय,
तिथं त्याला वजन नव्हतं.

या वर्षी तेरा वर्षांचा रोरी यायला लागलाय.
ओढतो, दात आवळून, वर बघत.
माझं तोंड उघडलंच होतं.
राहू दे, विनिफ्रेड पुटपुटली,
ओढू दे त्याला थोडं.

मला हे मुळीच पटलं नाही.
मी गप्प बसले.