रिमार्कचा रकाना

हरिपुरात, वारणा कृष्णेला मिळते त्याच्या अलीकडं,
भुईमूग निघालेल्या मोकळ्या रानात
कुपवाडच्या कारखान्याचा स्क्रू पाइल उभा केला
तेव्हा सकाळचे सात वाजले होते
आणि माझ्याकडं फक्त वही.

पाइल म्हणजे पोलादी नळा,
बुडाशी मळसूत्राचा एकच आटा,
पण परातीएवढा.
समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या पायाखाली असले जाणार.
आमच्यातल्या कुणीच समुद्रात काम केलेलं नाही.
आण्णाप्पा मगदूम एकदा गणपतीपुळ्याला गेला होता,
चप्पल वाहून गेली एवढंच सांगतो.

ठोकायचं नाही, पिळायचं.
घणाचा दणका पाण्यातून कोसन् कोस जातो,
मासे बहिरे होतात म्हणे.
म्हणून एक फेरा, एक वीत.
घाई केली तर माती घुसळून निघते,
आणि घुसळलेली माती
कुणाला धरून ठेवत नाही.

मी आकडे लिहीत होते.
एक मीटर, अकरा.
दोन, एकोणीस.
तीन, पंचवीस. मोटार कण्हायला लागली.
साडेतीन, एकोणतीस.
चार

काटा पडला, आण्णाप्पा ओरडला.
पडला म्हणजे शून्यावर.
पातं जमिनीत होतं
आणि तिथं जमीन नव्हती.

तेजस्विनी मॅडमनी पुण्याला फोन लावला.
बांधावर दस्तगीर बागवान तंबाखू मळत बसले होते,
मळणं न थांबवता म्हणाले,
पेव हाय ते. आमचंच.

तोंड माणूस उतरंल एवढं, पोट खोलीएवढं.
आत हळद भरायची, वर माती लिंपायची,
भाव आला की उघडायचं.
उघडल्या उघडल्या उतरायचं न्हाई.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
कंदील जळत राहिला, तरच माणूस.
पाच सालच्या पुरात पाणी शिरलं.
बाकीची उघडली, हे तेवढं ऱ्हायलं.
का?
उघडून कुणाला दाखवायचं?

पाइल उलटा फिरवला,
आला तसाच, फेऱ्याला वीतभर.
पातं वर आलं ते पिवळं.
कुबट, आंबूस, पण पिवळं.
हळद लागली रं, कुणीतरी म्हणालं,
आता पाठवणी समुद्राकडं!
सगळे हसले.
दस्तगीरचाचांनी चिमूटभर चिखल अंगठ्यानं चोळला,
नाकाशी नेला.
राजापुरी, म्हणाले.

मग उठून त्यांनीच काठीनं खूण केली,
पलीकडं, करंजाच्या अंगाला.
हितं घाला. बारा हातांवर पांढरी लागंल,
ती सोडत न्हाई.

साडेपाच मीटरवर काटा साठाच्या पुढं गेला.
मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मी वहीकडं.

दुसऱ्या दिवशी उपटून पाहायचं होतं.
वारा चक्कीला रेटतो
तेव्हा एक पाय दबतो, दुसरा उपटला जातो,
आणि पाया जातो तो उपटण्यानं.
जॅक लावले. नळा दोन मिलिमीटर हलला
आणि जो थांबला
तो रात्रभर तिथंच.
आम्ही आळीपाळीनं बॅटरी मारून डायल वाचत होतो.
नदीवर कुणीतरी खोकत होतं.

पहिल्या जागेच्या रिमार्कमध्ये
मॅडमनी सांगितलं तसं लिहिलं, स्थानिक पोकळी.
खाली पेन्सिलीनं, राजापुरी.
टाइप होऊन आलं त्यात
एकच शब्द कमी होता.

पातं मी स्वतः धुतलं.
वेल्डिंगच्या खवल्यांत ब्रश पोचत नाही,
तिथं राहिलं थोडं.

ट्रेलर निघाला तेव्हा चाचा आले होते.
त्यांनी दोरखंड तपासले, आपलं काम असल्यासारखे,
आणि मला बाजूला घेऊन विचारलं,
पोरी, तिकडं समुद्रात
आधी कंदील सोडतात का?