समोरून वारा

लबकमध्ये हवा दिसते.
ऑक्टोबरात तर चिमटीत धरता येते,
तांबूस, कोमट, जिनमधल्या सरकीच्या वासाची.
बॉनेटवर बोटानं नाव लिहावं
आणि चहा पिऊन येईस्तोवर ते बुजलेलं असावं.

असल्या गावात मी दोन सीटांची गाडी घेतली,
त्रेपन्नाव्या वर्षी, सेकंडहँड, छप्पर उघडणारी.
उल्का म्हणाली, सामान कुठे ठेवशील?
आणि माझं मत?
जन्मभर नाकासमोर चाललो.
हे एकच वळण घेतलं,
तेही इंडिकेटर देऊन.

आता तिचा एअर फिल्टर बदलायचा.
डेलबर्टनं काउंटरवर दोन खोकी मांडली,
दोन स्थळं मांडावीत तशी.

एक कागदाचा.
निऱ्या करून ठेवलेल्या पातळासारखा, पांढरा.
बावीस डॉलर. वापरा, फेका, विसरा.

दुसरा सुती, लाल, तेलात मुरलेला.
चौसष्ट. धुवा, वाळवा, पुन्हा तेल पाजा.
"तुमच्यामागेही टिकेल," तो म्हणाला,
आणि माझ्या केसांकडे बघून जरा ओशाळला.
"शिवाय आवाज! दाबलंत की छाती भरून श्वास घेते.
चार घोडे वाढतात, चार."

मी मनातल्या मनात चारही आमच्या दारात बांधून पाहिले.
शेजारचे लोक काय म्हणतील.
वैरण कुठून आणू.

माझ्यामागे रांगेत एक मुलगी होती,
जिनचा शर्ट, शर्टावर मारिसेला,
पापण्यांवर कापसाचं भुरभुर,
गळ्यात कागदी मास्क लोंबता.
"तेल जास्त झालं की सेन्सरवर चढतं.
माझ्या भावाची गाडी महिनाभर खोकत होती.
आणि सुतातून काय काय आरपार जातं ते
मी रोज शिंकरून टाकते, सर."

मी काहीच न घेता घरी आलो.

आधी जुना तर पाहावा.
क्लिपा चार. तीन उघडल्या,
चौथीनं अंगठ्याचं रक्त घेतलं.
आत नाकतोड्याची तंगडी,
पतंगांचे पंख, मेस्कीटची पानं,
आणि माती, इतकी माती
की सातबारा निघाला असता.
इंजिन हे सगळं सोडून
फक्त हवा खात आलं होतं, निमूट.

फुंकर मारली. चूक केली.
डोळे चोळून झाल्यावर कडेला अक्षर दिसलं,
बॉलपेननं, बारीक, तिरकं:
एकसष्ट हजार दोनशे चार मैल.
अमरिलोहून परत. वारा समोरून.

मिसेस टिबेट्स.
जिनं किल्ली देताना एवढंच बजावलं होतं,
टाकी अर्ध्याखाली नेऊ नका.
मी समजत होतो गाडी नवऱ्याची,
ही नुसती विकणारी.
चेकसुद्धा तिच्या हाती देताना
मी भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे बघत होतो.

सोमवारी कागदाचा घेतला.
डेलबर्टनं चारी घोडे फळीवर परत ठेवले,
हूं की चूं केलं नाही.

बसवण्याआधी कडेला मीही लिहिलं,
मराठी आकड्यांत, ६८,९३१,
आणि पुढे काय लिहावं सुचेना.
गेलोच कुठे होतो.
म्हणून लिहिलं: उद्या क्लोव्हिस.

पुढे कधी कुणी उघडेल,
त्याला हा कंपनीचा शिक्का वाटेल.
वाटो.

चौथी क्लिप काही केल्या बसेना.
उल्का दारातून बघत होती केव्हाची,
पंधरा मिनिटं तरी.
चपला काढून आली, झाकणावर गुडघा टेकला,
खट्.

"क्लोव्हिसला आहे काय?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, काही नाही, हवा खायला.
"इथली संपली वाटतं," म्हणाली,
आणि केसांना बांधायला रुमाल शोधू लागली.