एकास एकशे चाळीस

डॉक्टर इल्हामनं आकडा कागदावर लिहिला
आणि पेनानं त्याला गोल केला,
जणू घरी जाऊन आम्ही तो गिरवायचा होता.
एकास एकशे चाळीस.
मी तिच्या बोटांवरच्या मेंदीकडे बघत राहिले.

जिन्यात तुझा बाप म्हणाला,
'हे बघ, सोहारमध्ये आपल्याला सात वर्षं झाली.
दर दहा रियालच्या खरेदीवर एक कूपन,
नाव, फोन, सही, टाक पेटीत.
आजवर साधी छत्री तरी लागली का?
मग हेच बरं लागेल!'
निरंजनचं गणित शाळेपासून कच्चं.
पण त्या दिवशी पदर नसताना
मी ते पदराला गाठ मारून घेतलं.

शीबा सिस्टरनं दोन नळ्या रक्त काढलं.
ते आधी मस्कतला, मग विमानानं जर्मनीला.
माझ्या आत्येभावाला त्या देशानं दोनदा व्हिसा नाकारला,
माझं रक्त मुलाखतीशिवाय गेलं.
बर्फात बसून, ऐटीत.
त्यात तुझेही चार कण होते म्हणे,
म्हणजे घरातली पहिली युरोपवारी तुझी.

फॉर्मवर एक चौकट होती:
मुलगा की मुलगी, कळवायचं का?
आम्ही दोघांनी एकदम भिंतीकडे पाहिलं.
तिकडे गावात प्रत्येक दवाखान्यात असते ती पाटी
इथे नव्हती, नुसतं समुद्राचं कॅलेंडर.
तरी निरंजननं पेन खिशात घातलं
आणि दाराकडे बघत हळूच विचारलं,
'कुणी बघत नाहीये ना?'

दहा दिवस थांबा, म्हणाले.
आईनं फोनच्या पडद्यावर डोळे बारीक केले,
'चेहरा का उतरलाय गं?'
'ऊन फार आहे इथं.'
जानेवारी होता.
आई म्हणाली, 'बरं,' आणि कुकरच्या शिट्टीचं निमित्त करून उठली.
शिट्टी मला तरी ऐकू आली नाही.

त्या आठवड्यात तू खजुराएवढा, किंवा एवढी,
म्हणून तो सूकमधून खजूर घेऊन आला.
मी पुडा उलटून बघितला. जात: खलास.
'खलास? तुला दुसरं नाव नाही मिळालं?'
'अगं, इथला सगळ्यात चांगला आहे तो!'
'परत कर!'
दुसऱ्या दिवशी फर्द आणला.
खलास त्यानं गाडीत लपून संपवला,
बिया डॅशबोर्डवर सापडल्या.

रात्री तीन वाजता मात्र थट्टा झोपलेली असायची.
खिडकीत रिफायनरीची ज्योत, ती कधी विझतच नाही.
पाठीला पाठ लावून आम्ही
झोपल्याचं नाटक करत पडायचो.
बऱ्याच वेळानं अंधारातून तो विचारायचा,
'छत्री?'
'नाही लागली,' मी म्हणायचे.
मग कधीतरी डोळा लागायचा.

नवव्या दिवशी अनोळखी नंबर.
माझे हात साबणाचे, फोन कोपरानं उचलला.
'मॅडम, मुबारक! आपका नंबर लगा है!
राइस कुकर. पाच लिटर.'

मी ओट्याला टेकून रडले. अशी रडले
की वरची फौजिया चमचा हातात घेऊन धावत आली.
तिला काय सांगणार, कुकर लागला म्हणून?

निरंजन कामावरून अर्ध्यात आला.
काही न बोलता आम्ही दुकानात गेलो.
'वापस लो,' तो काउंटरवरच्या पोराला म्हणाला.
'सर, फ्री है.'
'मालूम है. नहीं चाहिए.'
पोरानं कॉम्प्युटरकडे बघितलं, खोका उलटा करून बघितला,
मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनंही खोका उलटा केला.
'बेचा हुआ वापस होता है, सर.
लगा हुआ वापस लेने का सिस्टिम नहीं है।'

पार्किंगमध्ये आधी तो हसला की मी, आठवत नाही.
नाक गळेपर्यंत हसलो,
शेजारच्या गाडीतला ओमानी म्हातारा
काच खाली करून पाण्याची बाटली देऊन गेला.

मागच्या सीटवर ठेव, तो म्हणत होता.
मी नाही ठेवला.
मांडीवर कुकर, कुकरच्या मागे तू,
आणि सगळ्यांवरून एकच पट्टा,
जेमतेम पुरला.