फेरी पूर्ण

एकतीस वर्षं आणिक आगाराच्या खिडकीत बसून
मी बसगाड्यांच्या वेळा लिहिल्या.
सुटली सहा बेचाळीस. पोचली सात एकोणतीस.
मधे सायनला टायर बसला तर तेही, लाल शाईत.
गाडी अर्ध्यातून वळवून आणलेले ड्रायव्हर
चहाचा ग्लास पुढे सरकवून म्हणायचे,
घाडीगावकर, लिहा की फेरी पूर्ण, कोण बघतंय.
चहा मी प्यायचो.
लिहायचो नाही.

आता पुस्तकांची नोंद ठेवतो.
सुनेनं फोनवर ॲप घालून दिलं:
कुठलं पुस्तक, कितवं पान, किती तारे.
वसईचा एक दंतवैद्य, माहीमच्या कुणी मिस डिमेलो
माझ्या पानांना अंगठा दाखवतात.
वर्षाला पन्नासचं लक्ष्य मीच लावलं,
कुणी मागितलं नव्हतं.
हिरवी पट्टी मुंगीच्या पायांनी सरकते
आणि दिवा मालवल्यावरही
डोळ्यांत थोडी उरते.

डिसेंबरात सत्तेचाळीसवर अडकलो.
मिठागरातली कादंबरी, पानं चारशे पंचवीस.
नव्वदाव्या पानावर बकरी हरवली
आणि लेखक तिला शोधायचं सोडून
वारा कुठून येतो ते सांगत बसलेला.
एकशे सदुसष्टवर मी विजेचं बिल घातलं,
पुस्तक मिटलं,
फोन उघडला.
वाचून झालं. चार तारे.
खाली एक ओळही ठोकून दिली: शेवट चटका लावणारा.

या वेळी कुणी चहासुद्धा पाजला नव्हता.

सोमवारी निरोप. निलोफर मुकादम, शिवडी.
“काका, मी टीबी हॉस्पिटलात रात्रपाळीला असते.
वॉर्डातल्या कपाटात हेच पुस्तक आहे,
पण शेवटची सोळा पानं शिवणीतून गेलीत.
अकरा नंबरच्या पेशंटना रोज थोडं वाचून दाखवते.
आम्ही दोघं चारशे नऊवर उभे आहोत.
शुक्रवारी त्यांना डिस्चार्ज आहे.
ती बकरी मिळते का हो?”

मी लिहिलं, हो. पुसलं.
लिहिलं, नाही. पुसलं.
तिकडे तिला दिसत असणार,
घाडीगावकर लिहीत आहेत,
घाडीगावकर लिहीत आहेत.

शेवटी कळवलं, दोन दिवस द्या.
विजेचं बिल ओढून काढलं (भरायचं राहिलंच होतं)
आणि बसलो.
दोन रात्री, मधला एक दिवस, जेवण ताटातच निवलेलं.
दोनशे तीसला कळलं, तो वाऱ्याबद्दल का बोलत होता.
वारा फिरला की मीठ धरत नाही,
मीठ धरलं नाही की माणसं उठतात,
आणि उठणारी माणसं आधी बकरी विकतात,
मग म्हणतात हरवली.
हे त्यानं कुठंच सरळ लिहिलेलं नाही.
मी पान उलटं मागं गेलो, नव्वदपर्यंत,
गाडी पुन्हा आगारात घेतल्यासारखा.

गुरुवारी वडाळ्याला झेरॉक्स, आठ कागद पाठपोट.
फोटो पाठवता आले असते.
पण फोटोत पानं अंधुक येतात
आणि मला जरा चालायचं होतं.
फाटकाशी ती आली, मास्कवर फक्त डोळे,
माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची.
मिळते? तिनं विचारलं.
वाचा, मी म्हणालो.
खरं सांगायचं होतं ते तिथं सांगितलं नाही.
ती घाईत होती, असं मी मला सांगितलं.

घरी येऊन नोंद उघडली.
ॲपमध्ये लाल शाई नाही.
तारे काढून टाकले, चटका काढून टाकला,
आणि लिहिलं:
गाडी १६७ला बंद पडली होती. आधीची नोंद खोटी.
बुधवारी पोचली, चार दिवस उशिरा.
मिस डिमेलोंनी अंगठा दाखवला.
दंतवैद्य गप्प.

पहाटे पावणेचारला फोन थरथरला.
“झालं वाचून. अकरा नंबर म्हणतात,
बकरी विकली हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.
त्यांनीही एकदा अशीच हरवली होती.”