बारावी बशी

फॉर्म विचारतो: विक्रेत्याचं नाव.
पॅनवर अजून सुलक्षा रेगे,
बँकेत अर्ज पडून आहे सुलक्षा प्रियोळकरचा,
आणि मयड्यात, वरच्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीत
जी बसलीय फोन चार्जरला लावून,
तिला घरमालकीण नुसतं "गो" म्हणते.
रकाना रिकामा सोडून पुढे जायला बघते.
फॉर्म जाऊ देत नाही.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
केळ्यांच्या फण्यांपलीकडे, जिथे जुनं मांडतात,
काटा नसलेला एक वजनकाटा घेतला, दीडशेला.
म्हातारा म्हणाला,
"बाय, हाचेर कितेंय दवर, जड जायना."
हे वाक्य मी वर्णनात टाकलं. पुसलं. परत टाकलं.

सकाळी नऊचा उजेड बरा.
शिंपल्यांच्या तावदानांतून तो दुधासारखा येतो,
(खिडकी सोडून काय हवं ते वीक, एर्मेलिंदाबाईंनी बजावलंय)
डबलबेडची चादर भिंतीवर ताणते,
घरून आणलेली तेवढीच एक,
तिच्यापुढे कंदील, अडकित्ता, इनॅमलचा टमरेल
शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखे ताठ.

मग येतो "स्थिती"चा रकाना.
लिहिते: दोन ठिकाणी टवके उडालेत. गळत नाही.
लिहिते: बिजागरी बदललेली, मूळची नव्हे.
बावीस वर्षं कोणी विचारलं की
"सगळं बरं" म्हणत आले,
आता टमरेलाबद्दल इतकं खरं बोलते
की माझं मलाच हसू येतं.

कप मात्र बरेच दिवस पेटीतच होते.
तारवावरच्या मामाने लग्नात दिलेले,
निळी वेल, सोन्याची कड,
बारा कप, बारा बशा, पाहुण्यांसाठी.
एक फुटला. भांडणात नाही,
तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.
नळाखाली फुटला, एका मंगळवारी, साबणाने.

किंमत मुद्दाम चढी लावली, कोणी घेऊ नये म्हणून.
तिसऱ्या दिवशी पाचोऱ्याहून एका बाईंचा निरोप:
बारावा कुठाय?
फुटला.
बराच वेळ काही नाही. मग:
चालेल. शकुनाला अकराच देतात.
मुलगी वेगळं घर मांडतेय. एकटी.
मी पुढचं विचारलं नाही,
त्यांनीही घासाघीस केली नाही.

एकेक कप वर्तमानपत्रात गुंडाळला.
एकाला राशिभविष्य, एकाला भरतीची जाहिरात,
पाचव्याला "वधू पाहिजे" आलं,
तो कागद काढून कोरा घातला.
एर्मेलिंदाबाई केळीची सुकी सोपटं घेऊन वर आल्या,
खोका हलवून, कान लावून ऐकत राहिल्या,
डॉक्टर ऐकतात तसं.

म्हापशाच्या कुरियरवाल्या पोराला म्हटलं,
"नाजूक" तीनदा लिही.
त्याने एकदाच लिहिलं.
पाठवणाऱ्याचं नाव?
सुलक्षा.
आडनाव लागतं, मॅडम.
मागे रांग होती, ऊन होतं,
तोंडाला आलं ते घरमालकिणीचं सांगून टाकलं.
पावतीवर आहे: सुलक्षा फेर्राव.
दोन आडनावांखाली इतकी वर्षं काढलेल्या बाईला
तिसरं काय जड?

बारावी बशी राहिली.
कपाशिवायच्या बशीला दुकानात रकाना नाही.
स्टीलच्या पेल्यातला चहा तिच्यात ओतते.
बशीतून प्यायला तिकडे मनाई होती,
आधी लोकांसमोर,
मग लोक नसतानाही.
फुंकर घालते. साय एका कडेला सरकते.
चांगला मोठा आवाज करून पिते.

खालून हाक येते,
"गो, पंप बंद कर, टांकी व्हांवता!"

करते, म्हणते.
अजून अर्धी बशी आहे.